रिकामा डबा

हे आजवर कुणापाशी बोललो नाही. थोरली बहीण, अक्का, शेवटच्या आजारात फोनवर म्हणाली होती, "रिकामा असलास तर ये रे. नुसतं बसू."

"कामात आहे गं."

"हो बाबा, कलेक्टरच तू!" ती हसली.

खरं तर मी खिडकीशी नुसता बसून होतो. तिला तशी बघायची हिंमत नव्हती. त्याच आठवड्यात ती गेली.

आज शेजारच्या वहिनींनी आमचा डबा परत केला. रिकामा द्यायचा नाही म्हणून तळाशी मूठभर साखर घातलेली. ती बघून मघाशी शब्दकोशात वाचलेलं आठवलं. एम्प्टी या इंग्रजी शब्दाचं मूळ म्हणे फुरसत अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दात आहे. म्हणजे रिकामं असणं मुळात कुणासाठी तरी मोकळं असणं असेल. तेवढं माझ्यापाशी होतं, आणि मी ते अक्कापासून लपवलं.

तिने पाठवलेल्या चिवड्याचा डबा अजून आमच्या फळीवर आहे, धुऊन पुसून ठेवलेला. तिकडे भाऊजी आता एकटेच जेवतात. तो डबा भरून नेणं आणि त्यांच्यापाशी एक दुपार नुसतं बसणं, एवढं मी अजून देणं लागतो.