लिनन रूमची घडीची सायकल

हॉटेलच्या लिनन रूममध्ये दोन गोष्टी साचतात. मळक्या चादरी आणि किस्से. चादरी दुपारपर्यंत धुऊन, इस्त्री होऊन वर खोल्यांमध्ये जातात. किस्से मात्र तळमजल्यालाच राहतात! लोणावळ्यातल्या आमच्या हॉटेलात मी एकोणीस वर्षं या खात्याची सुपरवायझर आहे, तेव्हा साठा किती असेल बघा. आज फक्त सायकलचे सांगते. सायकल माझीच.

आधी घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचे हे तळेगावच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. मला रोज स्कूटरवर स्टेशनला सोडायचे. मग काचबिंदूनं त्यांची बाजूची नजर गेली. समोरचं दिसतं, पण पाइपातून बघितल्यासारखं. नोकरी सुटली, स्कूटर सुटली. एकदा मंडईत एका बाईवर आदळले. ती नको नको ते बोलली. त्या दिवसापासून माणूस घराबाहेर पडेना. आठ महिने! चला म्हटलं की, “तू जाऊन ये, मी आहे.” स्कूटर गेल्याचं मला काही नव्हतं हो. मला माझा नवरा त्या खुर्चीतून उठायला हवा होता.

*

पहाटेच्या लोकलला रिक्षा मिळत नाही. घर ते तळेगाव स्टेशन दोन किलोमीटर, लोणावळा स्टेशन ते हॉटेल दीड. वॉशिंग मशीनवरचा आमचा दत्ता म्हणाला, “ताई, फोल्डिंग सायकल घ्या. इकडं चालवा, गाडीत दुमडून ठेवा, तिकडं परत चालवा!”

इस्त्रीवर मालनमावशी असते. तिकोणा पेठ गावाच्या वरच्या अंगाला तिची वाडी. तिनं इस्त्री उभी केली.

“घडीची सायकल? मग दत्त्याला काय इचारताय? घडीतलं कुणाला कळतं, त्याला का आमाला?”

खरंच होतं ते. दत्ताची घडी म्हणजे बोळा!

*

दत्तानं मोबाइलवर पन्नास सायकली दाखवल्या. एकीला एकवीस गिअर. मी म्हटलं, “अरे, मला स्टेशनला जायचंय, राजमाची चढायची नाही.” एकीची चाकं एवढीशी, की आमच्या गल्लीतल्या खड्ड्यात गेली असती तर पुन्हा वर आली नसती. शेवटी तो मित्राची जुनी सायकल घेऊन थेट आमच्या घरी आला. “चालवून बघा, आवडली तर ठेवा.”

माहेरी परंदवडीला लहानपणी मी भावाची सायकल मधल्या दांड्याखालून पाय घालून चालवायचे. ते शिकलेलं काही जात नाही. दोन चकरा मारल्या, मस्त! मी खुशीत आत आणली. यांनी खुर्चीत बसूनच हात पुढे केला. मधल्या बिजागरीवर बोटं फिरवली, सांगाडा एकदा हलवला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा यांचा आवाज चढला.

“हिच्यात प्ले आहे!” प्ले म्हणजे ढिलेपणा, फिटर लोकांचा शब्द. “रस्त्यातच घडी होईल हिची. तुझ्यासकट!”

दत्ता म्हणाला, “काका, मला तर काहीच दिसत नाही.”

“मला तरी कुठे दिसतंय?” हे म्हणाले. “परत नेऊन दे. आणि दुकानात मी येणार.”

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. कुकरची शिट्टी झाली ते बरं झालं.

*

दुसऱ्या दिवशी लिनन रूममध्ये ही बातमी सांगितली. मालनमावशीनं पाव किलो चिक्की आणवली. लोणावळ्यात काम करून आम्ही पर्यटकांसारखी चिक्की विकत आणून खाल्ली! यावरून काय ते समजा.

*

दुकानात हे स्टुलावर बसले आणि एकेक सायकल समोर मागवली. उघड, मीट, उघड, मीट. कान बिजागरीपाशी. विक्रेता बिचारा घामाघूम.

“काका, हा ब्रँड बघा, इम्पोर्टेड आहे.”

“ब्रँड बोटाला लागत नाही,” हे म्हणाले. “ह्या मापाची ट्यूब तळेगावात मिळते का, ते सांगा.”

“मागवून देऊ की,” विक्रेता म्हणाला. ती सायकल बाद!

तीन उरल्या, तेव्हा मला हुकूम सुटला. “घडी घाल, उचल, आणि जिना चढून दाखव.” दुकानाला बाहेरून जिना होता. साडी खोचली आणि चढले. पहिली सायकल घेऊन अर्ध्यावर दम लागला. दुसरीचं पेडल पोटरीला लागत होतं. खाली हीऽ गर्दी! विक्रेता कळवळून म्हणाला, “काका, सायकल चालवायची असते हो.”

“रोज स्टेशनचा पूल आहे तिला. पुलावर तुम्ही येणार का उचलायला?”

तिसरी घेऊन मी वर गेले आणि खाली आले. दम नाही, पोटरी शाबूत. वीस इंची चाकं, साधी, राखाडी. यांनी खटका तीनदा लावला, तीनदा काढला, आणि म्हणाले, “ही. हिचा आवाज एकच येतो.”

रंग कुठला ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मला लाल हवा होता. म्हटलं, जाऊ दे.

*

फिटरकडून पास झाली, लिनन रूमची परीक्षा बाकी होती. मी टेबलाशेजारी झोकात घडी घातली. मालनमावशी भोवती एक फेरी मारून आली.

“ह्यो कोपरा भाईर ऱ्हायला.”

“मावशी, ते हँडल आहे.”

“आसंल. चादरीचा भाईर ऱ्हायला तर तुमी आमाला सोडता व्हय?”

मग तिनं कंडम झालेल्या चादरीची, म्हणजे फाटकी म्हणून बाद केलेल्या चादरीची, खोळ शिवली. हँडल आत बसलं. कोपऱ्याला कोपरा! संध्याकाळी गेटवर वॉचमननं अडवलं, कारण चादरीवर हॉटेलचं नाव आणि आत काहीतरी भलंमोठं. आमच्याकडे गेटपासशिवाय रुमालही बाहेर जात नाही. शेवटी मॅनेजरसाहेबांनी स्वतः लिहून दिला. “कंडम चादर, नग एक. आत सायकल, नग एक. दोन्ही सुनंदाताईंच्या.”

*

लोकलमध्ये खोळ घातलेली सायकल मी दाराच्या कोपऱ्यात पायांशी धरते. एकदा एक आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मशीन कुठं घेऊन निघालीस गं बाई? ब्लाऊज शिवतेस का?”

मी म्हटलं, “नाही आजी, सायकल आहे.”

त्यांनी शेजारणीला हळूच सांगितलं, “शिवायचं नसलं की असंच काहीतरी सांगतात!”

*

आता जे डाचत होतं ते सांगते. दुकानातून आले, आणि हे पुन्हा खुर्चीत. मला वाटलं होतं, एकदा उंबरा ओलांडला की सुटले. कसलं काय! संध्याकाळी सायकल पुसायची, तेलपाणी करायचं, ते मात्र मन लावून. पण दारापर्यंतच. जेवताना मी मालनमावशीला म्हटलं, “सायकल मिळाली, माणूस काही मिळाला नाही.”

ती भाकरी मोडायची थांबली. “माणूस काय चादर हाय व्हय, आपुन घडी मोडली की मोडली? दम धरा. लय दिस बसल्याला माणूस उटाया येळ लागतो.”

मी हो म्हटलं. पण मला भीती वाटत होती, ती काही तिला सांगितली नाही.

*

मागच्या मंगळवारी यांनी मागचं चाक खोलून ठेवलं होतं. “बेअरिंग बोलतंय. ग्रीस भरतो. आज शेजारच्या अरुणला सोडायला सांग.” मी सायकलशिवाय गेले.

परतताना पाचच्या सुमाराला तळेगावला उतरले. पूल उतरून बाहेर आले, तर समोर राखाडी सायकल उभी. हँडल धरून आमचे हे. इस्त्रीचा शर्ट, नखांत ग्रीस.

“अहो! कसे आलात?”

“चालत.”

“एकटे? आणि चौकात रस्ता कसा ओलांडला?”

“सायकल पुढे केली. सगळे थांबले. नुसता माणूस पुढे केला तर कोण थांबतं?” मग लगेच नेहमीचा सूर, “बस बघू. बेअरिंग बोलतंय का ऐकू दे.”

मी बसले. यांनी मागून सीट घट्ट धरली. मी अगदी सावकाश पेडल मारायला लागले, पुढे खड्डा असला की मी “डावीकडे” म्हणायचे, दगड असला की “उजवीकडे.” मागे यांची पावलं बरोबर पडत होती. मला पुढचं नीट दिसत नव्हतं. डोळे सारखे पुसायला लागत होते, म्हणून सायकल थोडी झोकांड्या खात होती.

कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवरून एकानं मोठ्यानं आवाज दिला, “काका, सोडा आता! जमतंय की काकूंना!”

“नाही सोडत,” हे म्हणाले. “पडेल ती.”