पंखा थांबेपर्यंत

जानेवारीतला शनिवार, दुपारची वेळ. ग्लासगोबाहेरच्या एका फ्लाइंग क्लबच्या कुंपणाशी आम्ही दोघं होतो, मी आणि माधवीवहिनी. माझा मित्र शिरीष, म्हणजे वहिनींचा नवरा, वर होता, त्याच्या चार सीटच्या विमानात एकटाच. पहिली फेरी हवेचा अंदाज घ्यायला, दुसरीत मला न्यायचं, असं ठरलं होतं. त्यासाठीच मी दक्षिण इंग्लंडमधल्या मेडनहेडहून आलो होतो. सकाळी बर्फ पडला होता, पण धावपट्टी साफ केली होती. विमान झाडांवरून खाली आलं, चाकं जमिनीला लागली. "टेकलं," वहिनी म्हणाल्या आणि चहा ओतायला पाठमोऱ्या झाल्या. मी बघत राहिलो. विमान थांबेना... तिरकं होऊन ते घसरत गेलं आणि कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यावर आपटून उलटलं. ज्या हॉस्पिटलात शिरीष नोकरी करत होता, तिथेच संध्याकाळी तो गेला.

तो नागपूरचा, पेशाने भूलतज्ज्ञ. या देशात नवीन असताना आम्ही लंडनजवळच्या स्लाऊमध्ये एका खोलीत राहायचो. मी तेव्हापासूनच हिशेबी, विजेचं मीटर रोज बघायचो, आणि तो मला त्यावरून छळायचा. पन्नाशीत त्याने विमान चालवणं शिकायला घेतलं. एकच इंजिन आहे म्हणून मी बरीच वर्षं बसायला नकार दिला. "लेका, तुझं हृदय किती इंजिनांचं आहे?" तो म्हणायचा. "चाललंय ना एकावर?"

त्यांच्या घरी कुणीही आलं की कोट काढायच्या आत वहिनी म्हणायच्या, "टेका जरा." शिरीषचं विमान उतरलं की त्यांच्या तोंडून तोच शब्द निघे, आणि तो दरवेळी वैतागे. "अगं, चाकं टेकली म्हणजे टेकलं नव्हे. विमानाचा पुढचा पंखा थांबू दे. पेशंट डोळे उघडून नाव सांगेपर्यंत मी जागचा हलतो का?" "बरं, डॉक्टरसाहेब," म्हणून पुढच्या वेळी त्या पुन्हा तेच.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडून वहिनी तशाच उभ्या राहिल्या. बसा म्हणाल्या नाहीत. मीही कोटासकट उभा.

"भावजी, मी आधीच म्हणून टाकलं हो... शिरीष सांगत होता, थांब म्हणून."

मला बेरीज जमते, सांत्वन जमत नाही. क्लबच्या लोकांनी सांगितलं तेच मी सांगितलं. साफ केलेल्या पट्टीवर पातळ बर्फ पुन्हा गोठला होता, तो दिसत नव्हता, ब्रेक लागले नाहीत. "सगळी कारणं मांडून पाहिली, वहिनी. त्यात तुमचा शब्द कुठेच बसत नाही."

"तुमचा हिशेब बरोबर असेल. पण मी पाठ फिरवली होती. तुम्ही पाहिलंत... काय पाहिलंत?"

हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "घसरत असतानाच त्याने इंजिन बंद केलं. म्हणून आग लागली नाही. ढिगाऱ्याला लागायच्या आधी पंखा थांबलेला मी पाहिला."

"थांबला होता?"

"पूर्ण."

मग खिडकीजवळच्या शिरीषच्या खुर्चीवरची शाल त्यांनी उचलली, घडी घातली आणि कडेला ठेवली.

"टेका, भावजी," त्या म्हणाल्या.

मी कोट काढला आणि टेकलो.