पिवळ्या जॅकेटच्या मागे

भुताखेतांच्या गोष्टी मी करमणूक म्हणूनच वाचत आले. मायक्रोबायॉलॉजी शिकलेली बाई मी. जे स्लाइडवर दिसेल ते खरं! त्यामुळे हे लिहितानाही जरा संकोच वाटतोय...

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी आणि माझा नवरा सुहास अमेरिकेत, ॲन आर्बरला राहायचो. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी मिशिगनच्या पश्चिमेला, वायनरीज असलेल्या भागात गाडीवर सायकली लादून गेलो. तिथे जुनी रेल्वेलाइन उखडून सायकलचा रस्ता केला होता – सरळसोट, बारीक खडीचा, दोन्हीकडे द्राक्षमळ्यांची कुंपणं. वळण नाही, फाटा नाही. आभाळ भरलेलं, आणि खाली पडून आंबलेल्या द्राक्षांचा वास.

सुहास पुढे गेला. थोड्या वेळाने पाहिलं, तर तो सायकल हाताने ढकलत चालला होता. पिवळं जॅकेट, डावा खांदा किंचित झुकलेला... तोच.

"अरे, थांब ना! पंक्चर झाली का?"

त्याने वळून पाहिलं नाही. मी जोरात पेडल मारायला लागले. तो चालत, मी सायकलवर – आणि अंतर कमीच होईना! रडू यायला लागलं, का ते कळेना.

"वंदना! अगं, कुठे चाललीस?"

हाक मागून आली. मी करकचून ब्रेक दाबला. मागून सुहास धापा टाकत पळत येत होता.

"टायर गेला म्हणून कडेला बसलो होतो. माझ्या शेजारून गेलीस यार, किती हाका मारल्या!"

"मग पुढे कोण..."

मी बोट दाखवलं. रस्ता रिकामा होता.

आता हा माझी चेष्टा करणार, असं वाटलं. पण त्याने माझी सायकल उलटी वळवली. मग माझा हात धरून म्हणाला, "चल, परत जाऊ."

गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "त्याने मागे वळून पाहिलं का तुझ्याकडे?"

"नाही."

"बरं झालं."

म्हणजे काय, असं मी त्याला नंतर दोनतीनदा विचारलं. दर वेळी त्याने "चहा टाक ना" म्हणून विषय बदलला.

त्याच हिवाळ्यात सुहास झोपेतच गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला... ते मला समजतं. त्या रस्त्यावर मी काय पाहिलं, ते नाही समजत. आणि त्याहून जास्त छळतं ते हे – त्याला काय माहीत होतं?