दुसऱ्या लग्नाचा कागद

बोलणं सुरू करण्याआधी मामा समोरच्याच्या खिशातलं पेन काढून घ्यायचे. विचारायचे नाहीत. हात पुढे यायचा, पेन निघायचं, टोपण दातांत धरलं जायचं आणि हुकूम सुटायचा, "कागद आना. चारी कोपऱ्याले हयद लावा."

मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. मेडशीपासून मंगरूळपीरपर्यंत ज्याच्या घरात लग्नाचं पोरगं किंवा पोरगी आहे, त्या प्रत्येकाचे ते मामा. सोयरिकी जुळवणं हा त्यांचा उद्योग. असा माणूस तुमच्याही गावात असेल. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा, प्रत्येक मांडवात पहिल्या पंगतीला हजर. आणि हा करतो काय, असं विचारलं तर कोणालाच धड सांगता येत नाही.

मला तो माणूस आवडत नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये हे मला कळतं. लिहिताना अपराधीही वाटतं. पण खोटं चांगलं लिहिलं तर जास्त अपराधी वाटेल. तहसीलसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मामा तिथे येऊन बसायचे, माझाच पेपर वाचायचे, माझ्याच नावावर चहा सांगायचे आणि मी तो पाजायचो. त्यांच्या ओळखीनं गिऱ्हाईक येतं, म्हणून पाजायचो. तेवढा मीही त्यांच्यातला होतो.

आमच्याकडे लग्न ठरलं की बैठक बसते आणि यादी होते. मुलीकडून काय, मुलाकडून काय, जेवण कोणाचं, बँड कोणाचा, हे सगळं कागदावर उतरतं आणि दोन्हीकडचे वडीलधारे खाली सह्या करतात. मामांची सगळी कीर्ती या यादीवर उभी होती. अक्षर मोत्यासारखं. मजकूर मात्र असा, की जिथे पुढे भांडण होणार, नेमक्या त्या जागी ते लिहायचे, 'रीतीप्रमाणे'. सोनं? रीतीप्रमाणे. मानपान? रीतीप्रमाणे. एखाद्यानं धीर करून विचारलं, "मामा, पन रीत कोनाची?" तर मामा चष्म्यावरून बघायचे. "आता तू मले रीत शिकवशीन का बे?"

मग वर्ष-दोन वर्षांत भांडण व्हायचंच. दोन्ही बाजू तोच कागद घेऊन मामांकडे धावायच्या. मामा दोन्हीकडे जेवायचे, दोघांनाही "तुमचंच बरोबर आहे" म्हणायचे आणि ढेकर देऊन घरी जायचे. स्वतः सांडलेलं तेल पुसायला गेलं की लोक पाट मांडतात, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

माझी चुलत बहीण वैशाली नर्स आहे. नवरा अपघातात गेला तेव्हा तिची पोरगी बालवाडीत होती. पुढे वैशालीनं स्वतःच्या पगारातून शिरपूरला दोन खोल्यांचं घर बांधलं. ड्युटीला जाता-येताना एसटीत एका कंडक्टरशी तिची ओळख झाली. त्याचा घटस्फोट झालेला, पदरी एक मुलगा. दोघंही चाळिशीकडे झुकलेले. लग्न त्यांचं त्यांनीच ठरवलं, आणि लग्नाआधी काय ते लिहून ठेवू, हेही त्यांनीच ठरवलं.

मी त्यांना माझ्या दुकानावरच्या मजल्यावर वकील मॅडमकडे नेलं.

मॅडम म्हणाल्या, "मुसलमानांच्या निकाहनाम्यात मेहर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम लिहितात, अटीही लिहिता येतात. तुमच्या कायद्यात लग्न हा तसा करार नाही. उद्या वेगळे झालो तर हिनं पोटगी मागायची नाही, असलं काही लिहून आणलंत तर कोर्ट ते बाजूला ठेवेल. पण लग्नाआधी कोणाचं काय होतं, कोणतं कर्ज कोणाचं, हे दोघांनी सह्या करून लिहून ठेवलं तर पुढे पुरावा म्हणून कामाला येतं."

मग त्या वैशालीकडे वळल्या. "घराचं मात्र मृत्युपत्र वेगळं करा. ते न करता तुम्हाला काही झालं, तर त्या घरात मुलीइतकाच यांचाही वाटा निघतो."

"मले नको बाप्पा तो वाटा," कंडक्टर म्हणाला. "लिहूनच घ्या. अन् आमच्या ट्रॅक्टरचं कर्ज माह्या नावानं आहे. ते कोनी हिच्या पगारातून मागू नये, हे बी लिहा. पयल्या खेपी काहीच धड लिहिलं नव्हतं, तं सोनं कोनाचं यातच सारं जयलं."

त्याच्या पहिल्या लग्नाची यादी मामांचीच होती. सोन्यापुढे 'रीतीप्रमाणे'. भांडण पेटल्यावर मामांना बोलावलं, तर ते म्हणाले, "मले आता आठवत नाही." झालं.

मॅडम हसल्या. "इतक्या एकमतानं माझ्याकडे लोक फक्त घटस्फोटाला येतात."

तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठे? अडलं कंडक्टरच्या थोरल्या भावापाशी. घटस्फोटानंतर कंडक्टरचा मुलगा वहिनीनं पोटच्यासारखा सांभाळला होता. भावाला डावलून लग्न करायचं तर त्या पोराचं घर तुटणार. आणि भाऊ मामांशिवाय बैठकीला बसायला तयार नव्हता. ज्या माणसाच्या यादीनं आधीचा संसार कोर्टात नेला, त्यालाच पुन्हा पाट. आमच्या लोकांचं मला हे कधीच समजलं नाही.

बैठक शिरपूरला वैशालीच्याच घरी झाली. मामांनी माझ्या खिशातून पेन काढलं आणि मोत्याचं अक्षर सुरू झालं. वैशाली आतल्या दारातून म्हणाली, "मामा, माहं बी एक लिहा. हे घर माह्या पोरीचं राहीन. अन् ट्रॅक्टरचं कर्ज माह्यावर येनार नाही."

मामांनी चष्मा काढला. "लगन करून राह्यली का दुकान टाकून राह्यली व?"

सगळे हसले. भाऊ सगळ्यात जोरात.

"असा कागद म्हंजे मोडाची तयारी," मामा बैठकीला समजावू लागले. "इतक्या सोयरिकी केल्या म्या. एका बी पोरीनं तोंड उघडलं नाही." हे ते अभिमानानं सांगत होते, हे तुम्ही लक्षात घ्या.

"दादा, तो कागद मलेच पायजे आहे," कंडक्टर म्हणाला.

"तू चूप," भाऊ म्हणाला. "एकदा तोंड पोयलं ना तुहं?"

मामांनी यादीची घडी केली. "पोरी, कागद पायजे का लगन पायजे, ते तू ठरव." आणि बैठक उठली. उठताना त्यांनी पोह्यांची दुसरी बशी संपवली. मी पाहत होतो.

वैशाली रडली नाही. बशा गोळा करताना मला म्हणाली, "भाऊ, मले दोनी पायजे. मानूस बी अन् पोरीचं घर बी. एका पायी दुसरं काहून सोडू?" पोरगी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

म्हणून वैशाली आणि मी एसटीनं मेडशीला मामांच्या घरी गेलो. मामा बाजेवर लोळत होते. त्यांनी आम्हाला विश्वासावर व्याख्यान दिलं. नवराबायकोत विश्वास कसा पाहिजे, कागदानं तो कसा नासतो. आयुष्यभर कागदावर जेवलेला माणूस हे सांगत होता, आणि मी मान डोलावत होतो, कारण आमचं काम त्याच्याकडे होतं.

मामी चहा घेऊन आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच नीट पाहत होतो. वाळलेल्या, उंच, पदर घट्ट खोचलेला. कप ठेवून त्या जायला निघाल्या आणि दारात थांबल्या.

"लिहून द्या न तिले."

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले नाही समजत तं कोनाले समजते? मी बी दुसरीच आली ना या घरात. तुमचे दोनी पोरं मोठे केले. मले कोनी कागदावर एक ओय तरी लिहून देल्ली का?"

त्या आवाज न चढवता बोलल्या. भाजीत मीठ कमी आहे, हे सांगावं तसं. आत जाऊन त्यांनी भांडी घासायला घेतली.

मामांनी चहा बशीत ओतला. मला वाटलं, आता तरी या माणसाला लाज वाटेल. वाटली असेल तर त्यांनी ती चहाबरोबर पिऊन टाकली. बशी खाली ठेवत म्हणाले, "या आता तुमी. पाहतो."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला कंडक्टरच्या भावाच्या घरी बोलावलं. ओसरीवर पाचसहा वडीलधारे बसलेले. मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आता काही आपल्या हाती राह्यलं नाही. नवा सरकारी नियम आला. दुसऱ्या लग्नाले कोनाचं काय, कोनाचं कर्ज कोनतं, हा कागद लागतेच लागते. त्याबिगर नोंदच करत नाहीत."

"मंग तवा काहून नाही सांगतलं, मामा?" भावानं विचारलं.

"तवा नव्हता. आताच आला. गरमागरम आहे." आणि माझ्याकडे बोट करून, "खोटं वाटते तं या टायपिंगवाल्याले इचारा. तहसीलीच्या तोंडासमोर बसते तो."

सगळे माझ्याकडे वळले. असा कोणताही नियम नव्हता, आजही नाही. मी मान हलवली.

आणि मंडळी, काय सांगू तुम्हाला! एका बाईनं मागितलं तेव्हा जो अपशकुन होता, तो सरकारनं मागितल्यावर कोणाच्या घशात अडकला नाही. भाऊ म्हणाला, "सरकारच म्हनते तं आपन कोन?" एक म्हातारा तर म्हणाला, नियम चांगला आहे, आधीच पाहिजे होता. एका थापेनं मामांनी बैठक जिंकली. वैशालीचं लग्न वाचलं, घर वाचलं. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाचा, माझ्यासकट, तिटकारा आला.

त्या मान हलवण्याची फेड मी अजून करतो आहे. आजूबाजूच्या गावांतून लोक येतात. "तो दुसऱ्या लग्नाचा सक्तीचा कागद करून द्या." मी सांगतो, सक्ती नाही, हवा असेल तर करा. ते माझ्याकडे संशयानं बघतात. मामांनी सांगितलंय म्हणतात. काही बाया मात्र सगळं नीट ऐकून घेतात आणि हळूच म्हणतात, "नसू द्या सक्ती. घरी मी सांगीन, आहे म्हनून."

लग्नात मामा पहिल्या पंगतीला होते. वाढप्याला हाताशी धरून सांगत होते, "म्याच म्हटलं त्या पोरीले, लिहून घे, पुढं कायजी नको." वैशालीनं ते ऐकलं आणि त्यांच्या ताटात आणखी एक जिलबी वाढली. तिचं मन मोठं आहे. माझं तेवढं नाही.

त्याआधी, मॅडमकडे कागदावर सह्या झाल्या त्या दिवशी, साक्षीदार म्हणून मामाच आले होते. त्यांनी सही करण्यापूर्वी तो कागद वाचला. मामांना कागद वाचताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत, वैशालीचं मृत्युपत्रही वाचलं. मॅडमना विचारलं, "जित्या मानसाले असं लिहून ठेवता येते? घर कोनाचं राहीन, ते?"

"येतं की."

सगळे गेल्यावर मामा दुकानात रेंगाळले. "नावाच्या जागा मोकया सोडून त्या मृत्युपत्राची एक कॉपी काढून दे."

"कोणासाठी?"

"आहे एक जन."

मी काढून दिली. मनात म्हटलं, आता हा माणूस याचाही धंदा करणार. गावोगाव मृत्युपत्रं लिहीत फिरणार, आणि घराच्या जागी लिहिणार, रीतीप्रमाणे.

गेल्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. तेरवीला मी गेलो. अंगणात मांडव होता, दोन्ही मुलं पाहुण्यांचं बघत होती. बाहेर हात धुताना मी ऐकलं, थोरला कोणालातरी सांगत होता की घर पाडून गाळे काढायचे आहेत. आईचं काय, असं त्या माणसानं विचारलं. थोरला म्हणाला, "तिचा भाऊ आहे ना."

मामी मागच्या ओसरीत चहाच्या चुलीपाशी होत्या. मी शेजारी उकिडवा बसलो. मग विचारलं, "मामांनी काही लिहून ठेवलं का?"

"कागद आनला होता तुमच्याकडून," त्या म्हणाल्या. "मले वाचून दाखवला. लय चांगला होता. हे घर हिच्या हयातीपर्यंत हिचं, असं लिवतो म्हने. येत्या सोमवारी वकिलीनबाईकडे जाऊ."

"मग?"

"सोमवार आला का म्हनायचे, आज अमक्याची बैठक आहे. पुढच्या सोमवारी."

मी सांगितलं, की मृत्युपत्र नसलं तरी मुलांइतकाच वाटा बायकोचा असतो, कायद्यानं असतो, मी स्वतः तुम्हाला मॅडमकडे नेतो. त्या ऐकत होत्या. चहात साखर टाकत होत्या.

"तुमी म्हनता ते खरंच असन," त्या म्हणाल्या. "पन पोरं माहेच आहेत. कोनाच्या इरोधात सही करू?"

मामांचा इतका राग मला ते जिवंत असताना कधी आला नव्हता. तो माणूस तिला कागद वाचून दाखवतो आहे, बोट ओळीखाली ठेवून, आणि ती ऐकते आहे, हे डोळ्यांसमोरून जाईना.

"तुमच्या बहिनीचं कसं आहे?" मामींनी विचारलं. "घर पोरीचंच राह्यलं ना?"

"राहिलं."

"मंग बरं."

मांडवातून थोरल्यानं हाक मारली, पाहुणे निघाले आहेत, चहा पाठव. मामींनी कप ट्रेमध्ये लावले, पदर डोक्यावर ओढला आणि त्या ट्रे घेऊन पुढच्या घरात गेल्या.