प्रज्ञा एकटी कामाला गेली, त्या दिवशीची मिरवणूक

गेल्या जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी, परळच्या भोईवाड्यातून हिंदमाताच्या दिशेने विनापरवाना मिरवणूक नेल्याबद्दल मला पोलीस चौकीत बसवण्यात आलं. ती मिरवणूक नव्हती. मी आयोजक नव्हतो. बाकी तपशील बरोबर आहे.

मी आयुष्यभर एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. तिथे आधी घटना सांगायची, मग कारण. घटना सांगून झाली. आता कारण.

माझी मुलगी प्रज्ञा चोवीस वर्षांची आहे. शाळेत असल्यापासून तिला संधिवात आहे. ('हा तर म्हातारपणी होतो ना?' असं लोक विचारतात. ती म्हणते, 'मी सगळं वेळेआधी करते.') सकाळी बोटं उघडायला वेळ लागतो, गुडघे तर आपापल्या मर्जीने उठतात. घरात ती चालते. चाळीच्या फाटकापर्यंत काठीने जाते. फाटकाच्या पुढे मात्र तिला माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे मी, किंवा तिची आई रेखा. टॅक्सीवाल्यांना जवळचं भाडं नको असतं आणि प्रज्ञाची सगळी कामं जवळचीच! कॉलेज मी तिच्याबरोबर केलं. शेवटच्या वर्षाला वर्गातली मुलं मलाच नोट्स मागायची.

हिशेबाचा कोर्स झाल्यावर हिंदमाताच्या एका साड्यांच्या घाऊक दुकानात, तळमजल्यावरच्या ऑफिसात, तिला काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली. मालकीणबाईंनी फोनवर सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "रोज यायला जमेल? की कोणाला तरी घेऊन यावं लागेल?"

"एकटी येईन," प्रज्ञा म्हणाली.

फोन ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "आता काय ते बघा."

बॅटरीवर चालणारी, बसून चालवायची चार चाकांची स्कूटर मिळते, हे तिने आधीच शोधून ठेवलं होतं. किंमत ऐकून रेखा खाली बसली. (ती आधीच बसलेली होती. आणखी खाली बसली.) प्रज्ञाने शिकवण्यांचे पैसे पुढे केले, मी माझे केले, तरी गाडीची दोनच चाकं होत होती. उरलेल्या दोन चाकांसाठी मी चाळीच्या जयंती समितीकडे गेलो.

आमची समिती दर एप्रिलला जयंतीची मिरवणूक काढते. उरलेलं वर्ष गेल्या मिरवणुकीबद्दल बोलते. अध्यक्ष भास्कर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, बसच्या डेपोत नोकरीला, मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. मी विषय मांडला : यंदा डीजे रद्द करा, ते पैसे प्रज्ञाच्या गाडीला द्या.

"डीजे नाय तर जयंती कसली, दिनूभाऊ?"

"मागल्या साली तुझ्या डीजेनं माझ्या मांडणीवरचे डबे खाली आले रे भास्कर," आमच्या शेजारच्या कमळामावशी कडाडल्या. "पोरीला गाडी घे. गाडी तरी डबे पाडायची नाय."

मग प्रज्ञा बोलली. काठीवर रेलून, अगदी थोडं. "मला घराबाहेर पडायला माणूस लागतो. तुम्ही सगळे येता, कधी नाही म्हणत नाही. पण मला माणूस नको आहे, चाकं हवी आहेत."

भास्करने डोळे पुसले, टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, "डीजे कॅन्सल!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्या चालू असतानाच तो पुढे म्हणाला, "फक्त सौजन्य टाकायचं."

वाचकांपैकी जे मुंबईचे आहेत त्यांना हे सांगायची गरज नाही. आमच्याकडे बाकडं, पाणपोई, रुग्णवाहिका किंवा घड्याळ, यांपैकी काहीही दिलं की त्यावर देणाऱ्याचं नाव येतंच. प्रज्ञाने विरोध केला. मी मध्यस्थी केली. मध्यस्थी म्हणजे, मजकूर मी लिहीन असं म्हणालो. लोक वाटेल तसं लिहितात, माझ्या हातून निदान शुद्ध तरी होईल!

गाडी आली. रेडियम कापणाऱ्याने तीन दिवस काम केलं. मागच्या पेटीवर समितीचं नाव, दोन्ही बाजूंना देणगीदार, बाराखडीच्या क्रमाने, एकही वेलांटी न चुकता. पुढे निळा झेंडा. हँडलला झेंडूची माळ. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून, 'संयोजक : दिनकर जाधव'. ती ओळ मी स्वतः घातली. रिकामी जागा सोडायची सवय नाही.

प्रज्ञाने गाडीभोवती एक फेरी मारली. "पप्पा, ही स्कूटर आहे की पाणपोई?"

"नावं नंतर काढू ग. आत्ता राहू दे. लोकांना बरं वाटतं."

"ठीक आहे. पण सोमवारी मी एकटी जाणार. माझ्यामागे कोणी आलं, तर मी तिथून उलटी फिरेन आणि नोकरीला नाही म्हणून सांगेन."

तिने हे चाळीच्या चौकात, सगळ्यांसमोर सांगितलं. सगळ्यांनी शब्द दिला. भास्करने तर हात वर करून दिला.

सोमवारी सकाळी ती निघाली. हलका निळा ड्रेस, पाठीला सॅक, काठी बाजूला अडकवलेली. फाटकातून बाहेर पडताना मागे वळून बघितलं नाही. रेखा म्हणाली, "मी बँकेत जाऊन येते." मी म्हणालो, "मी पेपर घेऊन येतो." (पेपर घरी आलेला होता. तो काखेत धरूनच मी पेपर आणायला गेलो.)

पहिल्या वळणावर मी पेपर तोंडासमोर धरून उभा राहिलो. शेजारी एका बाईने पदर नाकापर्यंत ओढलेला होता. हातात पाण्याची बाटली आणि औषधांचा डबा.

"बँक इकडे आहे?" मी विचारलं.

"पेपरवाला इकडे आहे?" रेखाने विचारलं.

आम्ही एकत्र पुढे निघालो. औषधांच्या दुकानाशी कमळामावशी भेटल्या. "ब्लाउजपीस घ्यायला चाललेय बाय, हिंदमाताला. माझा काय संबंध?" त्यांच्यामागे भास्कर, हातात हवा भरायचा पंप. "समजा टायर बसला, तर?" त्याच्यामागे समितीचे चार कार्यकर्ते. त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब, आजीसकट. शब्द सगळ्यांनी मोडला होता. प्रत्येकाची समजूत अशी की आपण एकट्यानेच मोडला!

आता अडचण वेगाची होती. ती स्कूटर सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते. पुढे जाता येईना, मागे राहता येईना. आम्ही लपत होतो, पण सगळे एकाच रांगेत लपत होतो. वर झेंडा, पुढे झेंडूची माळ, दोन्ही बाजूंना नावं, मागे शिस्तीत चालणारी माणसं. परळमध्ये असं दृश्य दिसलं की लोक प्रश्न विचारत नाहीत, सामील होतात. एका आजोबांनी हात जोडले. एका चहावाल्याने पाण्याचा जग आणून भास्करच्या हातात दिला. भास्कर सवयीने पाणी वाटू लागला.

"अरे, पाणी काय वाटतोस!" मी दबक्या आवाजात ओरडलो.

"ऊन आहे, भाऊ."

प्रज्ञा पुढे, ताठ बसून, सिग्नल बघत चालली होती. आरशात बघत नव्हती, कारण तो आरसा माळेने झाकला गेला होता. (माळ मी बांधली होती.) तिला मागचं काहीच माहीत नव्हतं. अजून थोडं, एवढा चौक ओलांडला की हिंदमाता. मी मनात तिला चौक ओलांडून देत होतो.

इतक्यात समोरच्या पदपथावरून एका अनोळखी पोराने झेंडा पाहिला, मूठ उंचावली आणि जोरात आरोळी दिली, "जय भीम!"

आता हे समजून घेतलं पाहिजे. आमच्याकडे आरोळी आली की उत्तर जातं. त्यात विचार नसतो. झोपेत असला तरी माणूस उत्तर देतो. आम्ही सगळ्यांनी, लपलेल्या अवस्थेत, एका दमात उत्तर दिलं.

"जय भीम!!"

स्कूटर थांबली. चाळीचा आवाज तिला चाळीइतकाच ओळखीचा. त्यात माझा होता, तिच्या आईचा होता, आणि भास्करचा तर शीव कोळीवाड्यापर्यंत गेला असेल. प्रज्ञाने हळूहळू मान वळवली. मान वळवायला तिला दुखतं. तरी पूर्ण वळवली.

रेखाच्या हातातली बाटली खाली पडली. 'उलटी फिरेन,' असं प्रज्ञा म्हणाली होती, आणि ती बोलते ते करते. गाडीचं हँडल किंचित वळलेलं मला दिसलं.

त्याच वेळी चौकातला हवालदार शिट्टी वाजवत आला.

"काय चाललंय? मिरवणुकीची परवानगी आहे?"

"ही मिरवणूक नाही," मी म्हणालो. "हे स्वतंत्रपणे चाललेले नागरिक आहेत."

"झेंडा आहे, घोषणा आहे, पाणीवाटप आहे," हवालदाराने बोटं मोजली. "आयोजक कोण?"

हवालदाराने गाडीभोवती फिरून मजकूर वाचायला सुरुवात केली. तो सावकाश वाचत होता. एवढ्या आस्थेने माझा मजकूर आजवर कोणी वाचला नसेल. शेवटच्या ओळीशी तो थांबला.

"दिनकर जाधव कोण?"

सगळ्या चाळीने माझ्याकडे बोट दाखवलं.

हवालदार प्रज्ञाकडे वळला. "ताई, हे लोक तुमच्याबरोबर आहेत?"

"नाहीत."

"ओळखता यांना?"

प्रज्ञाने आईकडे पाहिलं. कमळामावशींकडे पाहिलं. भास्करच्या पंपाकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे, जरा जास्त वेळ.

"तोंडओळख आहे," ती म्हणाली. "साहेब, मी कामावर निघालेय. पहिलाच दिवस आहे, उशीर होतोय."

हवालदाराने चौकातली वाहनं हात करून थांबवली. टॅक्स्या थांबल्या, एक बस थांबली. प्रज्ञाने हँडल सरळ केलं आणि सगळ्यांसमोरून एकटीने चौक ओलांडला. पलीकडे गेल्यावर एकदा हॉर्न वाजवला. मग झेंडा साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत दिसेनासा झाला. तिच्यामागे जायची आमच्यापैकी कोणाला सोय नव्हती, कारण आम्हाला अडवून ठेवलं होतं!

चौकीत बाकावर बसून आम्ही वाट पाहिली. बाकीच्यांना समज देऊन सोडलं. जायला कोणी तयार नव्हतं. रेखा दर दोन मिनिटांनी फोन काढायची आणि परत ठेवायची. फोन करायचा नाही, हीसुद्धा प्रज्ञाची अट होती. ही एक तरी पाळू, असं आमचं ठरलं.

मग सगळ्यांचे फोन एकदम वाजले. चाळीच्या ग्रुपवर प्रज्ञाचा निरोप होता : 'पोचले. एकटी.'

रेखा रडायला लागली. कमळामावशी रडायला लागल्या. भास्कर तर मोठ्याने रडला. हवालदार घाबरून धावत आला, काय झालं ते ऐकलं आणि सगळ्यांना चहा सांगितला. चौकीत एवढं हलकं वाटणं योग्य नव्हे, पण वाटत होतं.

"आता यांना न्या," माझ्याकडे बघत तो म्हणाला. "पण कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. मिरवणुकीत नव्हता असा."

"मी बायको आहे यांची," रेखा म्हणाली.

"तुम्ही मिरवणुकीत होतात."

"मी अध्यक्ष," भास्कर म्हणाला.

"तुम्ही पाणी वाटत होतात. मिरवणुकीत नव्हतं असं तुमच्याकडे कोणी आहे का?"

आम्ही विचार केला. असं एकच माणूस होतं.

पहिला दिवस अर्धाच होता. ग्रुपवरचा आमचा निरोप वाचून दुपारी प्रज्ञा चौकीसमोर आली. माळ काढलेली होती. चौकीला पायऱ्या आहेत, म्हणून हवालदार वही घेऊन तिच्याकडे खाली उतरला. मला मागोमाग आणलं.

"बाईंनी विचारलं, एकट्या आलात का," प्रज्ञा मला म्हणाली. "मी हो म्हटलं. उद्यापासून रोज यायला सांगितलंय." मग माझ्याकडे नीट बघून, "जेवलात?"

"नाही."

"बीपीची गोळी?"

"राहिली."

तिने आईकडे हात पुढे केला, डब्यातून गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि मी ती गिळेपर्यंत बघत राहिली. हवालदारही बघत होता.

"ताई, यांना असं एकटं सोडत जाऊ नका," तो म्हणाला.

"लक्ष ठेवीन," प्रज्ञा म्हणाली.

त्याने वहीत नोंद केली आणि सहीसाठी माझ्यापुढे धरली. 'सदर इसमास समज देऊन त्याच्या मुलीच्या ताब्यात देण्यात आले.' मी ते दोनदा वाचलं. चूक सापडली नाही. खाली सही केली.