पंचिंगच्या कॉम्प्युटरला हात कोणी लावायचा

गेल्या ऑक्टोबरची बारा तारीख, रविवार. मागितलेली रक्कम सहा हजार चारशे. हजर माणसं तीन: मी, बायको आणि तिच्या माहेरच्या गावचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. जागा आमचं सुरतेतलं कोसाडचं घर, बाहेरची खोली.

घरात दोन कॉम्प्युटर आहेत. एक माझा. त्यावर मी लाइट बिल, बँक आणि सोसायटीचा हिशोब बघतो. दुसरा बायकोचा, आणि घराला खरा टेकू त्याचाच. ती एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करते. म्हणजे व्यापाऱ्याने कागदावर दिलेली बॉर्डर कॉम्प्युटरवर अशी मांडायची की भरतकामाच्या मशीनला एकेक टाका वाचता आला पाहिजे. पैसे टाक्यांवर मिळतात, हजाराला इतके. पण या धंद्यात टाक्यांपेक्षा तोंड बंद ठेवण्याला किंमत जास्त. व्यापाऱ्याचा माल दुकानात लागायच्या आधी त्याची डिझाइन बाजारात दिसली, की पंचिंगवालीला पुन्हा कोणी काम देत नाही. कोणी फोडली याची चौकशीही होत नाही. फोन यायचे बंद होतात, इतकंच.

सप्टेंबरपासून दोन्ही कॉम्प्युटरवर एक निळी पाटी येत होती: विंडोज दहाची मदत चौदा ऑक्टोबरला संपणार, अकरा घ्या. मला आधी ती फसवणूकच वाटली. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल' असले मेसेज फोनवर येतात, त्यातलाच प्रकार. मी तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर आलं, तेव्हा कुठे मानलं. कॉम्प्युटर बंद पडणार नव्हता, फक्त सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळणं थांबणार होतं. ही दुसरी गोष्ट कोणी आपणहून सांगत नव्हतं, म्हणून माझा संशय काही पूर्ण गेला नाही.

बायको म्हणाली, "माझ्या गावचा आहे ना एक, लिंबायतला दुकान आहे त्याचं. त्याला बोलवू."

तो आला, चहा प्यायला, दोन्ही कॉम्प्युटरचे डबे उघडून पाहिले आणि आकडा सांगितला. मी फोड मागितली. दोन नवीन डिस्क अडतीसशे, दोन्हींची मजुरी बाराशे, विंडोजच्या परवान्याच्या दोन 'ओरिजिनल की' चौदाशे.

"ओरिजिनल की सातशेला?" मी विचारलं. "कंपनी तर हजारोंनी घेते."

"आपल्याला होलसेलमध्ये पडते, दाजी."

"बिल मिळेल?"

"बिल कसाले? मी आहे ना!"

"तू आहेस म्हणूनच विचारतोय."

बायकोने डोळे वटारले. तो मात्र हसला. "ताई, दाजी मिलमध्ये काय करतात?"

मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कोरा माल उतरवून घेण्याचं काम बघतो. व्यापाऱ्याचा ताका, म्हणजे कापडाचा गठ्ठा, आला की त्याच्या दोन्ही टोकांवर न जाणारा शिक्का मारायचा. रंगून परत जाताना तोच कपडा जातोय, मधल्या मध्ये हलका माल घुसलेला नाही, हे त्यावरून कळतं. वीस वर्षं हेच करतोय. आमच्याकडे माणूस ओळखीचा आहे म्हणून शिक्का कोणी सोडत नाही. ओळखीच्याच मालावर तो जास्त नीट मारतात.

तो म्हणाला, बायकोचा कॉम्प्युटर अकरा सरळ घेणार नाही, मशीन जुनं आहे. पण वाकडी वाट आहे. डबा दोन दिवस दुकानावर ठेवावा लागेल.

"डबा घराबाहेर जाणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"लग्नसराईच्या डिझाइन आहेत त्यात."

"मग डिस्क काढून ठेवा तुमच्या कपाटात, डबा द्या."

हे मला पटलं. मी डिस्क काढायला लावली, रुमालात गुंडाळली आणि डब्याच्या झाकणावर दोन्ही बाजूंनी कागदाची पट्टी चिकटवून सही केली. तो शांतपणे बघत होता. शेवटची सही झाल्यावर म्हणाला, "झालं? आता पट्टी न फाडता मी नवी डिस्क आत कशी बसवू, तेवढं सांगा. की ती पण डब्याच्या कपाळावर चिकटवू?"

बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "त्याच्या कपाळावर पण मारा एक शिक्का," ती म्हणाली.

शेवटी ठरलं की काम इथेच, माझ्यासमोर करायचं. नव्या डिस्कवर त्याने अकरा चढवलं. चाललं. मग बायकोचा पंचिंगचा प्रोग्राम टाकला. तो प्रोग्राम उघडायला पेनड्राइव्हएवढी एक चावी मागे खोचावी लागते. अकराला ती चावी दिसेचना. त्याने प्रोग्रामवाल्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की नव्या विंडोजला नवा प्रोग्राम लागेल, अठरा हजार.

मी दोघांचंही साटंलोटं असणार असं धरून चाललो. आधी निळी पाटी, मग हा, मग तो. प्रत्येकाचं म्हणणं एकच, जुनं चालणारं फेका. मी सांगितलं, जुनी डिस्क परत लावा.

जुनी डिस्क लावली, चावी दिसली, प्रोग्राम उघडला. मग दुरुस्तीवालाच म्हणाला, "असं करा, ताई. हिला नेटच देऊ नका. वायर काढून टाका. बाहेरून काही येणार नाही, तर विंडोज दहाच आणखी काही वर्षं चालवा." नवी डिस्क माझ्या कॉम्प्युटरला लावली आणि त्यावर विंडोजऐवजी एक फुकटची सिस्टिम टाकली. फुकट म्हटल्यावर मी पुन्हा चौकशी सुरू केली. हे कोण देतं, का देतं, माझ्या बँकेत बघणार का. तो थकून म्हणाला, "इतला वहीम घेऊन तुम्हाला झोप लागते का, दाजी?"

हिशोब एकतीसशेवर आला. एक डिस्क एकोणीसशे, मजुरी बाराशे. 'ओरिजिनल की' एकही नाही.

पण मघाशी जुनी डिस्क लावल्यावर त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह बायकोच्या डब्यात खोचला होता. मी तेव्हा नळ बंद करायला आत गेलो होतो. परत आलो तर पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता. "चावीची फाइल टाकतोय," तो म्हणाला. असेलही. मी सोळाशे दिले आणि म्हणालो, "बाकीचे पंधराशे महिन्याने. चालतंय का बघून."

दिवाळीनंतर लाभपाचमीला बाजार उघडला. त्यानंतरच्या आठवड्यात व्यापाऱ्याचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

"बेन, मारी बॉर्डर बाजारमां आवी गई. तमारा सिवाय कोनी पासे हती?"

बॉर्डर बाजारात आली, तिच्याशिवाय ती कोणाकडे होती, असं तो विचारत होता. मी म्हणालो, "पेनड्राइव्ह. मी सांगितलं होतं."

"तुम्ही काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "नुसते बघत होतात."

मी लगेच लिंबायतला निघालो होतो. तिने चप्पल घालू दिली नाही. आधी कपडा बघायचा, म्हणाली. आम्ही दोघं बाजारात गेलो, ती बॉर्डर असलेला दुपट्टा शोधला आणि तिथेच उभ्याने तिने बॉर्डर बोटाखालून सरकवली. एकदा, दोनदा.

"सहा पाकळ्या," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"फूल आधी सहा पाकळ्यांचं होतं. व्यापाऱ्यानेच पाच करायला लावलं, नवरात्राच्या आधी. मी त्याच फाइलवर बदल करून ठेवला. दुरुस्तीवाला आला तेव्हा डब्यात पाचचीच होती. सहाची मी फक्त व्यापाऱ्यालाच पाठवली होती, व्हॉट्सॲपवर."

दुपट्ट्याचा फोटो तिने तिथूनच व्यापाऱ्याला पाठवला आणि फोन केला. शांत आवाजात पाकळ्या मोजून दाखवल्या. त्याचा फोन कारखान्यातल्या कोणाकोणाच्या हातात जातो, हे त्यालाच माहीत. मग म्हणाला, "जवा दो, बेन. नवी बे डिझाइन मोकलुं छुं."

"कागदावर मोकलजो," ती म्हणाली. "फाइल हवे हाथोहाथ." म्हणजे यापुढे फाइल एका हातातून दुसऱ्या हातातच.

दोन डिझाइन आल्या. काम टिकलं. तेव्हापासून तिच्या डब्यातून फाइल बाहेर जाते ती एकाच पेनड्राइव्हमधून, आणि तो तिच्या पर्समध्ये असतो. माझी फुकटची सिस्टिम बरी चालते. तिच्यावर मी अजून मोठा व्यवहार करत नाही.

महिना भरत आला तेव्हा मी लिंबायतला गेलो. तो एका लॅपटॉपचं झाकण उघडून बसला होता.

"चाललं का महिनाभर?"

"चाललं."

"कॉम्प्युटर तपासत होतात की मला?"

"दोघांनाही."

"मग पास झालं कोण?"

मी म्हणालो, पेनड्राइव्हमध्ये काय होतं ते अजून मला माहीत नाही. त्याने ड्रॉवर उघडला आणि पेनड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला. बघा, म्हणाला. मी त्याच्याच कॉम्प्युटरवर बघितला, सगळे फोल्डर उघडून. बायकोचं त्यात काही नव्हतं. महिन्यात पुसताही येतं, हे माझ्या मनात आलं, आणि ते त्याला माझ्या तोंडावरून कळलं असावं, कारण तो मान हलवून पुन्हा लॅपटॉपकडे वळला.

नऊ नोव्हेंबर, रविवार. राहिलेले पंधराशे, पाचशेच्या तीन नोटा, लिंबायतच्या दुकानात, बायकोच्या गावच्या त्या माणसाच्या हातात. एकूण एकतीसशे.