ताणलेली दोरी

अंजनाला दहाव्या वर्षी देवी आल्या आणि कान गेले. नवरा हरिबा सुतार तर जन्माचाच बहिरा. औंधाजवळच्या खेड्यात दोघांचं बरं चाललं होतं, पण पहिली पोर पद्मा झाली आणि हरिबाची थोरली बहीण धोंडुबाई सांगलीहून आली. तिला मूलबाळ नव्हतं. बहिऱ्या आईबापाला पोराचं रडणं काय कळणार, असं भावकीपुढं चार वेळा बोलून तिनं पोर उचलली ती उचललीच. अंजनानं पाच वर्षं दातओठ खात काढली.

पंचेचाळीस साली दुसरी झाली. या खेपेला हरिबानं डोकं चालवलं. झोळीला सुताची दोरी बांधली, आढ्याच्या कडीतून ओवून आतल्या खोलीत नेली आणि टोक अंजनाच्या दंडाला बांधलं. दोरी कायम ताणलेली. पोर रडताना पाय झाडायची, दंडाला हिसका बसायचा आणि अंजना हजर! शेजारच्या बाया तोंडात बोटं घालत.

बारशाला धोंडुबाई पद्माला घेऊन आली. बाळाच्या कानात कुर्र करून नाव ठेवायचा मान आत्याचाच. पण बाईचा डोळा या पोरीवरही होता. अंजना आत लुगडं नेसत असताना तिनं झोळीला बांधलेल्या दोरीची गाठ सोडली, आणि पोर रडायला लागताच बायांना म्हणाली, "बघा, हाय का आईचा पत्ता?"

इथंच बाई फसली. तिला वाटलं, दोरी सोडली की आई पुन्हा बहिरी. अहो, रोजचा ताण एकदम ढिला पडला, हे अंजनाला पोर रडायच्या आधीच कळलं होतं! निऱ्या हातात धरून ती बाहेर आली. सुटलेलं टोक धोंडुबाईच्याच मुठीत होतं.

अंजनानं पोर उचलून शेजारच्या रंगूबाईच्या मांडीवर दिली आणि कानात कुर्र करायची खूण केली. भरल्या सोप्यात आत्याचा मान परक्या बाईला! धोंडुबाईचं तोंड काळंठिक्कर पडलं. अंजनाला ते बघून लय गोड वाटलं. मग तिनं पद्माचा हात धरला.

"थोरलीबी आजपास्नं हितंच," ती आपल्या वर-खाली होणाऱ्या आवाजात म्हणाली.

धोंडुबाई एकटीच सांगलीला गेली. पद्मा तीन दिवस दाराशी बसून रडली. तिच्या लेखी आई ती होती, ही नव्हे. ओठांवर एकच शब्द, आत्ती, आत्ती. तो कळायला अंजनाला कान लागत नव्हते. तरी तिनं पोर काही परत धाडली नाही.